गयाबाईसाठी टाळ्या

“तिला आणखी काय हवं होतं, तेवढं सांगा, तात्या. मी कुठं कमी पडलो?”

आमोसतात्यांनी मान वर केली नाही. टरफल काढलेली चिंच त्यांनी दगडावर ठेवली, हातोडीचा हलका ठोका दिला, चिंचोका बोटाने बाजूला उडवला आणि गर टोपलीत टाकला. मग पुढची चिंच घेतली.

“हात धुतलेस का?” त्यांनी विचारलं.

“धुतले.”

“मग ती दुसरी हातोडी घे. काम करता करताही बोलता येतं.”

सुमंत वैरागरने इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि समोर बसला. तो हिवरवाडीच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक होता. वय फार नव्हतं, पण नाव झालं होतं. आसपासच्या पाळकांत त्याच्याइतकं शिकलेलं कुणी नव्हतं. ही गोष्ट तो स्वतः कधी सांगत नसे. समोरच्याला ती कळेल अशी व्यवस्था मात्र करत असे.

आमोसतात्या उमाप हे त्याच्या मूळ गावचे, वरखेडचे, जुने पाळक. सुमंतचा बाप्तिस्मा त्यांनीच केला होता. त्याला धर्मशिक्षणाच्या कॉलेजात त्यांनीच धाडलं होतं. आता ते सेवानिवृत्त होऊन देवळामागच्या दोन खोल्यांत एकटेच राहत. ऊन तापायला लागलं की आवारातल्या झाडाच्या चिंचा ओट्यावर घेऊन फोडत बसत.

सुमंतने पहिली चिंच ठोकली. चिंचोका उडून थेट तुळशीच्या रोपात... तात्यांनी औषधाला लावलेल्या रोपात जाऊन पडला.

“सावकाश,” तात्या म्हणाले. “आता सांग. कोण ती?”

“गयाबाई. मागे बोललो होतो मी तुमच्याशी. हातभट्टीवाली.”

“काय करते?”

“आता काही नाही. शेळ्या आहेत चार. भट्टी मोडून दोन वर्षं झाली. स्वतःच्या हाताने मडकी फोडली तिने.”

“मग हातभट्टीवाली कशी?”

“म्हणजे... होती.”

तात्यांनी पुढची चिंच उचलली.

सुमंत सांगू लागला. गयाबाईचा नवरा लवकर गेला. तिने ओढ्याकाठी भट्टी लावली आणि हिवरवाडीतले कितीतरी संसार तिच्या मडक्यांपाशी येऊन बसले. बायका तिला पाहून रस्ता बदलत. लग्नकार्यात तिला एकदा भरल्या पंगतीतून उठवलं होतं. तिच्या पाठीमागे लोक तिला जी नावं ठेवत, ती पाळकाच्या तोंडून निघण्यासारखी नव्हती. भट्टी मोडल्यावरही त्यात फरक पडला नाही. आणि मग एका रविवारी, उपासना चालू असताना, ती देवळाबाहेर येऊन चपलांच्या ढिगाशेजारी बसली.

“मी उपदेश अर्धवट सोडला, तात्या. खाली उतरलो, बाहेर गेलो, तिचा हात धरला आणि तिला आत आणलं.”

“ते बरं केलंस,” तात्या म्हणाले, आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

सुमंतला हुरूप आला.

“नुसतं आत नाही. पहिल्या बाकावर बसवलं. मंडळीचे पंच बसतात तिथं. दोघंतिघं कुरकुरले. मी ऐकून घेतलं नाही. म्हटलं, प्रभूच्या घरात मागचा बाक नसतो.”

“चांगलं वाक्य आहे.”

“लोकांना फार आवडलं.”

“वाटलंच.”

सुमंतने त्यांच्याकडे पाहिलं. तात्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

“पुढच्या रविवारी तिची साक्ष घेतली,” तो म्हणाला.

साक्ष ही मंडळीतली जुनी रीत. सगळ्यांसमोर उभं राहायचं, प्रभूने आपल्याला कशातून बाहेर काढलं ते सांगायचं, आणि ऐकणाऱ्यांनी देवाची स्तुती करायची. तात्यांनी जन्मभर साक्षी ऐकल्या होत्या. काही ऐकताना ते रडले होते. काही ऐकताना झोपलेही होते.

“बोलली?”

“थरथरत बोलली. मग रडली. सगळी मंडळी रडली. टाळ्या थांबेनात.”

“मग?”

“मग लोकच म्हणायला लागले, गयाबाईची साक्ष होऊ द्या. कुणी पाहुणे आले की साक्ष. संडेस्कूलच्या मुलांपुढे साक्ष. शेजारच्या मंडळ्यांतून बोलावणी यायला लागली. मी स्वतः गाडीवर बसवून तिला घेऊन जायचो. आधी ती नुसतं ‘वाईट धंदा केला’ एवढंच म्हणायची. मी म्हटलं, बाई, मोकळं सांगा. गूळ कसा कुजवत होता, नवसागर किती टाकत होता, सगळं सांगा. देवाने केवढ्या खड्ड्यातून काढलं ते कळू द्या लोकांना.”

“आणि पिणाऱ्यांची साक्ष कधी झाली?”

“अं?”

“ती गाळत होती. पीत कोण होतं?”

सुमंत घोटाळला.

“तसे... आमच्या पंचांपैकीच दोघं होते. पूर्वी. पण ते जुने सभासद आहेत, तात्या. त्यांना कसं उभं करणार?”

“खरंय,” तात्या म्हणाले. “पहिल्याच बाकावर बसतात ना?”

सुमंतने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दोन चिंचा त्याने जरुरीपेक्षा जोरात ठोकल्या.

“येत्या रविवारी आमचा वार्षिक मेळावा आहे. बाहेरून वक्ते येताहेत. नाक्यावर मी मोठा फ्लेक्स लावला. एका अंगाला माझा फोटो, एका अंगाला तिचा. खाली ठळक अक्षरांत, ‘काल हातभट्टीवाली, आज प्रभूची लेक.’ छान झाला होता. परवा सकाळी बघतो तर फ्लेक्स गायब. तिनेच काढून नेला! आणि म्हणते, मी येणार नाही. मेळाव्याला तर नाहीच, पुन्हा कधीच नाही.”

“का, ते विचारलंस?”

“विचारलं.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली... पाळकसाहेब, गावातल्या शिव्याच बऱ्या होत्या.”

तात्यांची हातोडी थांबली.

 देवळाच्या कौलांवर कावळा चालत होता.

“आता बोला!” सुमंत म्हणाला. “ज्यांनी पंगतीतून उठवलं त्यांच्या शिव्या बऱ्या, आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या ते वाईट? गावात लोक म्हणायला लागलेत, आता परत भट्टी लावणार ही. तशी लावली तर संपलंच, तात्या. ती तर जाईलच, पण माझं काय? असल्या लोकांना डोक्यावर घेऊन हेच होतं, असं म्हणायला टपलेत सगळे. उद्या कुणी दुसरं येऊन चपलांपाशी बसलं तर त्याला आत आणायला कोण तयार होईल? तुम्ही एकदा चला. तुमचं ऐकेल ती.”

“ती मला ओळखत नाही.”

“म्हणूनच ऐकेल.”

तात्या हसले. अगदी मनापासून हसले. मग पुढची चिंच घेतली.

फाटक वाजलं. शेजारच्या लीलाबाई वाटी घेऊन आल्या होत्या.

“सलाम, तात्या. विरजण आहे का चमचाभर? मांजराने दह्यात तोंड घातलं.”

“आत आहे, फडताळात. घ्या. याला ओळखलंत का? आपल्या वैरागरांचा सुमंत. हिवरवाडीला पाळक आहे आता.”

“अगं बाई! केवढा मोठा झाला!”

“झाला ना. कॉलेजात असताना बायबलच्या परीक्षेत कॉपी करताना सापडला होता.”

सुमंतच्या हातातली चिंच हातातच राहिली.

“बायबलच्या?” लीलाबाईंनी गालावर बोट ठेवलं.

“बायबलच्या. काढूनच टाकणार होते. मी जाऊन हातापाया पडलो. पण बघा, प्रभूने कुठून कुठं आणला. आज सगळा तालुका त्याचा उपदेश ऐकतो.” तात्यांच्या आवाजात कौतुक ओसंडत होतं. “टाळ्या वाजवा की.”

लीलाबाई भाबड्या. त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. “देवाची करणी,” असं म्हणत विरजण घेऊन गेल्या. फाटकाबाहेर पडताना त्यांनी एकदा वळून पाहिलं.

“तात्या,” सुमंत म्हणाला, “ते फार जुनं आहे.”

“हो ना. म्हणून तर सांगितलं.”

“आईला पण माहीत नाही ते.”

“लीलाबाई सांगतील.”

सुमंत काही बोलणार तेवढ्यात टेम्पो येऊन थांबला. शब्बीर चिंचेची पोती न्यायला आला होता. तात्यांनी त्याला हाताने जवळ बोलावलं.

“ये, ये. हे बघ, हिवरवाडीचे पाळकसाहेब. माझा चेला. बायबलच्या पेपरात कॉपी करताना पकडला होता, पण आज बघ कसा तेजस्वी दिसतोय.”

“सलाम, साहेब,” शब्बीर म्हणाला. त्याने सुमंतला आस्थेने न्याहाळलं. “चिठ्ठी ठेवली कुठं होती?”

सुमंत टरफलं गोळा करू लागला.

“सांग की मोकळं,” तात्या म्हणाले. “कळू दे लोकांना.”

“...बाहीत,” सुमंत म्हणाला.

“चिठ्ठी नव्हती रे,” तात्या म्हणाले. “बाहीच्या आतल्या बाजूला पेनाने लिहिलं होतं. जुन्या राजांची नावं. कुणाच्या मागून कोण गादीवर बसला ते.”

“आमच्या पोराने बुटात ठेवली होती,” शब्बीर म्हणाला. “पण ते गणिताला. देवाच्या पेपरला... छाती पाहिजे, साहेब!” आणि त्याने सुमंतपुढे टाळीसाठी हात केला.

हात पुढे आलेला असताना काय करणार? सुमंतने टाळी दिली.

शब्बीर पोती चढवून गेला. जाता जाता ड्रायव्हरच्या सीटवरूनही तो हसून मान डोलवत होता. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आज दुपारी बाजारात तो ही गोष्ट सांगेल, आणि तीही प्रेमाने सांगेल, हे सुमंतला दिसत होतं.

त्याने दुमडलेल्या बाह्या नकळत खाली ओढल्या. मनगटाची बटणं लावली.

तात्यांनी ते पाहिलं.

मग सुमंतने फाटकाकडे पाहिलं. कदम गुरुजी येत होते. हातात घडी केलेलं वर्तमानपत्र, डोक्याला टोपी. वरखेडच्या शाळेत त्यांनी सुमंतला सात वर्षं शिकवलं होतं. सुमंत वैरागरसारखा प्रामाणिक मुलगा माझ्या हाताखालून गेला नाही, असं ते अजून चारचौघांत सांगत.

तात्यांनी हातोडी खाली ठेवली आणि घसा साफ केला.

“तात्या,” सुमंत हळू आवाजात म्हणाला. “नको.”

“का? वाईट बोलतोय का मी?”

“नाही.”

“खोटं बोलतोय?”

“नाही.”

“मनात राग आहे माझ्या?”

“...नाही.”

“मग?”

 सुमंतच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. गुरुजी पायरीशी पोहोचले. चपला काढू लागले.

“या, गुरुजी,” तात्या म्हणाले. “हा सुमंत.”

आणि त्यांनी चिंच उचलली.

तेवढंच.

गुरुजींनी सुमंतच्या पाठीवर हात ठेवला, आईची चौकशी केली, वर्तमानपत्र तात्यांना दिलं, पाण्याच्या टँकरविषयी ग्रामपंचायतीला चार शब्द सुनावले आणि आले तसे गेले. सुमंत सगळ्याला “हो गुरुजी, हो गुरुजी” म्हणत राहिला. ते फाटकाबाहेर पडले तेव्हा त्याने सोडलेला श्वास तात्यांनाही ऐकू आला असावा.

तात्या पुन्हा चिंचा फोडू लागले, आणि सुमंतला मंडळीतला पहिला बाक आठवला.

गयाबाई साक्ष संपवून बाकावर बसायची तेव्हा हात जोडून खाली बघत राहायची. सुमंतला ती नम्रता वाटायची. त्याने ती एका उपदेशात उदाहरण म्हणून वापरलीही होती.

“कळलं, तात्या,” तो म्हणाला.

“काय कळलं?”

“मी तिची क्षमा मागतो. रविवारीच. मेळाव्यात तिला व्यासपीठावर बोलावतो आणि सगळ्यांसमोर तिच्या पायाला...”

तात्यांनी कपाळावर हात मारला. चिंचेचा गर कपाळाला चिकटला.

“सगळ्यांसमोर,” ते म्हणाले.

सुमंतने हातोडी खाली ठेवली.

“मग काय करू?” त्याने विचारलं. या वेळी त्याचा आवाज पाळकाचा नव्हता.

तात्या गुडघ्यावर हात टेकून उठले. रांजणाजवळ जाऊन तोंड धुतलं, उपरणं घेतलं, दाराला कडी घातली.

“मला भूक लागलीय,” ते म्हणाले. “चल, गाडी काढ.”

“कुठं?”

“गयाबाईकडे. जेवायला.”

“जेवायला?” सुमंत जागेवरच उभा राहिला. “तिच्याकडे... तिथं कुणी जेवत नाही, तात्या. म्हणजे मी मानत नाही तसलं काही. पण लोक म्हणतात, ती भांडी...”

“मडकी फोडली म्हणालास ना?”

“फोडली.”

“तू कधी पाणी प्यालास तिच्याकडे?”

सुमंत आठवू लागला. दोन वर्षांत तो तिच्या दारात किती वेळा गेला होता. दारात उभं राहून प्रार्थना केली होती. गाडीचा हॉर्न वाजवून तिला बाहेर बोलावलं होतं...

“मला नेहमी घाई असायची,” तो म्हणाला.

तात्या गाडीवर मागे बसले आणि त्याच्या खांद्याला धरलं. हिवरवाडीचा रस्ता उखडलेला होता. वाटेत सुमंतने मान वळवून विचारलं, “तिथं गेल्यावर काय बोलू मी?”

“खड्डा बघ,” तात्या म्हणाले.

गयाबाईचं घर ओढ्याच्या वरच्या अंगाला होतं. दोन खणांचं, पत्र्याचं, अंगण सारवलेलं. बाजूला शेळ्यांसाठी चार मेढी रोवून मांडव केला होता आणि त्यावर सावलीला सुमंतचा फ्लेक्स ताणून बांधला होता, छापील बाजू खाली करून. सुमंतने वाकून पाहिलं तर त्याचाच हसरा चेहरा उलटा होऊन शेळ्यांकडे बघत होता. तिच्या फोटोचा भाग मात्र तिने कापून काढला होता.

गयाबाई दारात आली. पन्नाशीची, उंच, कपाळावर घामाचे थेंब. सुमंतला पाहताच तिचा चेहरा बंद झाला.

“मेळाव्याचं असंल तर आल्या पावली जा, पाळकसाहेब. म्या सांगितलंय एकदा.”

“मेळाव्याचं नाही,” सुमंत म्हणाला. “हे माझ्या गावचे जुने पाळक. तात्या, या गयाबाई. यांनी पूर्वी—”

वाक्य सवयीने तोंडात आलं होतं. ते त्याने मध्येच गिळलं. दुसरं काही सांगायला जावं तर त्याला गयाबाईविषयी दुसरं काहीच माहीत नव्हतं.

“या गयाबाई,” तो म्हणाला. “आणि हे आमोसतात्या. त्यांना भूक लागली आहे.”

गयाबाई दोघांकडे आळीपाळीने पाहू लागली.

“माझ्याकडं जेवनार?”

“तुझं झालं असेल तर राहू दे,” तात्या म्हणाले. “उरलंसुरलं चालेल.”

“पिठलं हाय नुसतं. आन् भाकर.”

“कांदा?”

“हाय.”

“मग आणखी काय पाहिजे?” तात्यांनी चपला काढल्या आणि कुणी या म्हणायच्या आत ते आत जाऊन भिंतीला टेकून बसले.

गयाबाईने ताटं घासलेली होती तरी पुन्हा घासली. पुन्हा विसळली. पदराने पुसली. पिठलं वाढलं, भाकरी ठेवल्या आणि स्वतः दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. ही माणसं खरंच खातात की नुसता घास फिरवून उठतात, ते ती बघत होती. सुमंतला ते जाणवत होतं. त्याने मोठा घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. कान तापले.

“वा!” तो म्हणाला. “वा, गयाबाई! असं पिठलं मी जन्मात खाल्लं नाही. मंडळीत सगळ्यांना सांगतो मी...”

गयाबाईने हात जोडले आणि ती खाली बघू लागली.

सुमंतचा पुढचा घास हातात थांबला. साक्ष संपल्यावर ती अशीच बघायची. अगदी अशीच.

“तिखट झालंय,” तात्या म्हणाले.

 बाहेर एक शेळी ओरडली.

“काय?” गयाबाईने मान वर केली.

“जाळ झालाय नुसता. इतकं तिखट घालतं का कुणी? मिरच्या फुकट मिळतात वाटतं तुला?”

सुमंतने चमकून तात्यांकडे पाहिलं. दोन वर्षांत या बाईशी चढ्या आवाजात कुणी बोलू नये म्हणून तो जपत आला होता. तो काहीतरी सावरायला तोंड उघडणार, तेवढ्यात गयाबाई चौकट सोडून पुढं आली. तिने कमरेवर हात ठेवले.

“फुकट कशाला मिळत्यात? परसात लावल्यात म्या. पानी घालू घालू कंबर मोडली माझी. आन् तात्या, जन्मभर उपदेश करून जीभ झिजली असंल तुमची, त्याला माझं पिठलं काय करनार? पानी प्या वरून.”

“पाणी दिलंस कुठं? देशील तर पिईन.”

गयाबाईने तांब्याकडे पाहिलं. खरंच, घाईत पाणी द्यायचं राहून गेलं होतं. ती कपाळावर हात मारून हसली. हसता हसता पदर तोंडाला लावला, तरी हसू थांबेना.

सुमंत तिच्याकडे बघत राहिला. तिला रडताना त्याने कितीदा पाहिलं होतं. हसताना हा पहिलाच प्रसंग.

मग ती पाणी घेऊन आली आणि चुलीपाशी बसली. कुठली शेळी गाभण आहे, कुठली खोडकर आहे, ते तिने सांगितलं. लेकीला जावयाने शिवणयंत्र घेऊन दिल्याचं सांगितलं. तात्यांनी तिखटाला नावं ठेवत ठेवत दुसऱ्यांदा पिठलं वाढून घेतलं. भट्टीचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. मुद्दाम टाळलं असंही नाही. बोलण्यात त्याला जागाच झाली नाही.

निघताना ती अंगणात आली आणि पुन्हा सावध झाली.

“आदीच सांगते, पाळकसाहेब. मेळाव्यात म्या बोलनार न्हाई.”

“नका बोलू.”

“कधीच बोलनार न्हाई आता.”

“नका बोलू,” सुमंत म्हणाला.

“आन् फ्लेक्स बी परत मिळनार न्हाई. शेळ्यांस्नी सावली झालीया.”

“राहू द्या. माझा चेहरा तिथंच बरा दिसतोय.”

गयाबाईच्या ओठांचा कोपरा हलला. सुमंत गाडीकडे वळला. किल्ली खिशातून काढली, हातात फिरवली, आणि तसाच परत फिरला.

“एक काम होतं,” तो म्हणाला.

तो काय मागणार आहे हे त्याला स्वतःलाच त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

“रविवारी प्रभुभोजन आहे. त्याला भाकर लागते. गव्हाची, बेखमीर, पीठ न आंबवता केलेली. दर महिन्याला मंडळीतल्या एका घरातून येते. या महिन्यात... तुमच्या घरून आली तर?”

गयाबाईने पदर सावरला.

हिवरवाडीच्या मंडळीत ती भाकर पहाटे कुणीतरी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून मेजावर ठेवून जाई. मग प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून तिचे तुकडे होत आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या माणसापर्यंत सगळे ती खात. ती कुणाच्या चुलीवर भाजली, हे पाळक कधी जाहीर करत नसे. पण गाव लहान होतं. भाकर घेऊन जाताना कुणीतरी पाहणारच. पाहिलं की बोलणार. उठून जाणारेही उठून जातील, आणि तेही बाहेरच्या पाहुण्यांदेखत. सुमंतला हे सगळं दिसत होतं. तरी तो तिच्या उत्तरासाठी थांबून राहिला.

“माझ्या हातची?” ती म्हणाली.

“हो.”

“सांगनार लोकांना?”

“नाही. कुणाचीच सांगत नाही आम्ही.”

“कुनी इचारलं तर?”

“मंडळीतल्या एका घरातून आली म्हणेन. दर वेळी तेच म्हणतो.”

“टाळ्या?”

“भाकरीला कोण टाळ्या वाजवतं, गयाबाई?”

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. तळव्यांना अजून पीठ लागलेलं होतं. ते तिने पदराला पुसलं, पुन्हा पाहिलं...

“म्या कधी केली न्हाई तसली,” ती म्हणाली. “बिगडली तर?”

 सुमंतने तात्यांकडे पाहिलं. तात्या गाडीवर बसून उपरणं डोक्याला गुंडाळत होते.

“तेवढं तिखट घालू नकोस,” ते म्हणाले.